गप्पांना पुरेल असा जनरेटर

३ मे रोजी सकाळी रेडिओ बायकोला घेऊन जनरेटर घ्यायला निघाला, तेव्हा त्याच्या खिशात २८,६५० रुपये होते. रेडिओ म्हणजे कोपऱ्यावरच्या केस कापायच्या दुकानाचा मालक. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते मानेवर पावडर मारूनच थांबायचं. म्हणून हे नाव.

आदल्या दिवशी विमा कंपनीतले साहेब खुर्चीत असताना लाइट गेली. मशीन डाव्या कानाशी अडकली. कात्रीने उरकावं म्हटलं, तर आतल्या अंधारात कान कुठे संपतो तेच दिसेना. साहेबांना मीटिंग होती. अर्धं डोकं घेऊन ते तरातरा निघाले.

"पुन्हा तुझी पायरी चढलो तर बघ!"

समोर नवं चकचकीत सलून झालं होतं. साहेब तिकडे वळले, तर मागोमाग त्यांचं अख्खं ऑफिस वळणार. रेडिओच्या निम्म्या धंद्याचा प्रश्न होता.

"लोड किती आहे?" जनरेटरवाल्याने विचारलं.

"तसं माणसागणिक वेगळं. साहेबच नव्वद किलो असतील."

"अहो, विजेचा लोड!"

"दोन दिवे, एक पंखा आणि केस कापायची मशीन," बायको म्हणाली. "केस वाळवायचं यंत्र धरू नका. ते हे फक्त स्वतःसाठी वापरतात."

जनरेटरवाल्याने अंगणातल्या एका धिप्पाड डिझेलच्या धुडावर थाप मारली. "हा घ्या. दुकान काय, सगळी गल्ली चालेल."

"चालेल हो, पण माझं बोलणं ऐकू आलं पाहिजे. सुरू करा. मी एक गोष्ट सांगतो."

इंजिन धडधडू लागलं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. रेडिओने हातवारे करत हरवलेल्या कवळीची गोष्ट सांगितली. जनरेटरवाला मांडीवर थाप मारून हसला. इंजिन बंद झालं.

"मग कवळी कुठे सापडली?" बायकोने विचारलं.

"कसली कवळी?"

"जिच्यावर आत्ता पोट धरून हसलात ती."

जनरेटरवाल्याने पेट्रोलवर चालणारा, कमी आवाजाचा, लहानसा जनरेटर पुढे ओढून सुरू केला. रेडिओने तीच गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी जनरेटरवाला ढिम्म.

"ऐकू नाही आली?"

"आली ना. सगळी आली."

"मग हसला का नाहीत?"

जनरेटरवाला जनरेटरवरची धूळ पुसू लागला.

"म्हणजे खरंच ऐकू आली," बायको म्हणाली. "हाच घ्या."

घासाघीस होऊन खिशात होते तेवढ्यातच सौदा पटला. जनरेटर दुकानामागच्या उघड्या जागेत बसवला. मग रेडिओ स्वतः ऑफिसात गेला, हातापाया पडला आणि फुकट केस कापायच्या बोलीवर साहेबांना घेऊन आला.

निम्मे केस कापून झाले आणि लाइट गेली. साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. रेडिओने मागे पळत जाऊन दोरी ओढली, मशीन पुन्हा गुणगुणू लागली, आणि कवळीची गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली.

शेवटी साहेबांनी आरशात दोन्ही बाजू तपासल्या.

"उत्तम झालंय. पण काय रे, याच्यापेक्षा मोठ्या आवाजाचा जनरेटर नव्हता?"

"होता की, साहेब!"

"मग तो नाही का आणायचा, शहाण्या?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातले चौघे आले. चौघांच्याही कानांत कापूस होता.

जनरेटर आणणाऱ्या टेम्पोवाल्याचे दोनशे रुपये द्यायचे राहिले आहेत.