वलांडीवरची हळद

माझ्याकडं पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचा पंखा असा घोंघावायचा की खाडीतून येणाऱ्या बोटी माझ्या घरासमोर वेग कमी करायच्या, पुढं मोठी बोट आहे असं समजून. हे मी कोळीवाड्यात सगळ्यांना सांगितलं होतं आणि निम्म्यांना ते पटलंही होतं. उरलेले निम्मे माझे नातेवाईक होते.

आमची वाडी मुरुडच्या जवळ. घरात चार पिढ्या दर्यावर गेलेल्या आणि मला किनाऱ्याला बांधलेल्या होडीतसुद्धा मळमळायचं. कोळ्याच्या घरात हे म्हणजे सोनाराच्या पोराला पिवळा रंग न दिसण्यासारखं. शेवटी वडिलांनी मला अलिबागला कॉम्प्युटरच्या कोर्सला घातलं. मला दोनच गोष्टी येत होत्या. एक, थापा मारणं. दुसरी, आवाज काढणं. यष्टीचा कंडक्टर, लिलावाचा दलाल, शाळेतले हेडमास्तर, सर्दी झालेले हेडमास्तर, मी कुणाचाही आवाज काढायचो. एकदा आमच्या काकाचा आवाज काढून त्याच्याच बायकोकडून चहा करून घेतला होता. काकाला तो मिळाला नाही, एवढं मात्र खरं आहे.

तो काळ व्हिडिओ कॅसेट जाऊन डिस्क येण्याचा होता. घरोघरी लग्नाच्या, हळदीच्या कॅसेटी होत्या आणि व्हीसीआर खाऱ्या हवेनं गंजून बंद पडले होते. मी मुरुडच्या एका फोटोवाल्याचा चालू व्हीसीआर उसना आणला, तो कॉम्प्युटरला जोडायची एक डबी आणली आणि दारावर पाटी लावली: ‘जुन्या लग्नाची नवी डिस्क करून मिळेल.’ पहिल्या दिवशी तीन म्हाताऱ्या आल्या. नवऱ्यालाही नवा करून देतोस का, असं विचारून हसत हसत गेल्या.

मग सॉफ्टवेअर निवडायची वेळ आली. हा प्रकार मी आठ दिवस चालवला आणि जेट्टीवर रोज त्याचं प्रवचन केलं. लोकांना वाटायला लागलं की मी सॉफ्टवेअर नाही, जावई निवडतोय. माझ्यासमोर तीन स्थळं होती. पहिलं डिस्कच्या यंत्राबरोबर फुकट आलेलं. दिसायला अगदीच गरीब, करड्या रंगाची एक खिडकी आणि तीन बटणं. कॅसेटवर जे आहे ते जसंच्या तसं डिस्कवर उतरवायचं, बास. दुसरं पनवेलच्या एका मित्रानं दिलेलं. त्यात सुरुवातीला यादी करता यायची: हळद, वरात, जेवणं. तिसरं एका मासिकाबरोबर आलेलं, तीस दिवसांपुरतं. ते तिसरं म्हणजे नटवी होती. कॅसेट तिच्या पुढ्यात टाकायची, ती स्वतःच चांगले तुकडे निवडायची, हललेले आणि काळोखे फेकून द्यायची, मूळ गोंगाट काढून त्यावर संगीत चढवायची आणि कडेनं गुलाबाच्या पाकळ्या सोडायची. सुरुवातीला नाव टाकायलाही जागा होती. मी टाकलं: ‘संकलन, दिग्दर्शन आणि सर्व काही’, आणि खाली माझं नाव, पाकळ्यांसकट.

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये मी कुठंच दिसत नव्हतो. निवड तिथंच झाली. आठ दिवस नुसतेच गेले.

इथून पुढचं मी वाढवून सांगणार नाही. आजवर ही गोष्ट मी या किनाऱ्यावर पुष्कळदा सांगितली आहे, लग्नात, बोटीच्या पूजेत, म्हसळ्याच्या यष्टीत, आणि दर वेळी तिच्यात मी जिंकलो आहे. आज नाही.

आमच्या शेजारी एक मावशी राहते. सख्खी नाही, पण माझ्या आईच्या मांडीला मांडी लावून मासळी बाजारात बसलेली. तिचा नवरा नाखवा होता, स्वतःची बोट असलेला, आणि वाडीतला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. त्याला ‘कसं काय नाखवा’ विचारलं तर तो मान हलवायचा, आणि ती मान कुठल्या दिशेला हलली यावर लोक भांडायचे. मुलीच्या लग्नानंतर दोन वर्षांनी तो आजारपणात गेला. मुलीच्या हळदीची कॅसेट तेवढी राहिली.

मावशी ती कॅसेट पदराखालून घेऊन आली. जणू आत अंडी होती.

“यात एका जागी तो बोलतो,” ती म्हणाली. “सगळी नाचतात आन् हा मांडवाच्या खांबाजवळून माझ्याकडं बघून विचारतो, जेवलीस का गो? तेवढंच. पन ते ऱ्हायला पायजे.”

“मावशी, त्याला तर मी फुलांची चौकट लावतो.”

“फुलं नको रं. आवाज पायजे.”

“तू काळजीच करू नको. कॅसेटपेक्षा चांगला येईल. नाखवा घरात बसून बोलतोय असं वाटेल.”

हे मी म्हणालो. शब्दन् शब्द मला आठवतो.

दुसऱ्या दिवशी मी व्हीसीआर चालू करून हळद कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, तासाभराची. मग ती नटवीच्या पुढ्यात टाकली. तिनं विचारलं, मूळ आवाज ठेवायचा की संगीत? मी संगीतावर बोट दाबलं. अशी विचारणा ती दर वेळी करायची आणि मी दर वेळी तेच दाबायचो, कारण बँडचा गोंगाट फार घाण यायचा. मग काम होईपर्यंत काय बसायचं, म्हणून मी किनाऱ्यावर क्रिकेट खेळायला गेलो. परत आलो तेव्हा डिस्क तयार होती. पहिलं एक मिनिट बघितलं. माझं नाव नीट आलं होतं. हार्डडिस्क आमच्या देवघरापेक्षा लहान होती, म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला जागा करायला मी ती तासाभराची हळद पुसून टाकली.

डिस्क आणि कॅसेट घेऊन मी मावशीकडं गेलो तेव्हा ती बोंबील वाळत घालत होती. बांबू रोवून त्यांच्यावर दोऱ्या ताणलेल्या असतात, त्याला आम्ही वलांडी म्हणतो. दोन बोंबील घ्यायचे, जबड्यात जबडा अडकवायचा आणि दोरीवर टाकायचे. त्या दिवशी कावळे फार होते. कावळ्यांवर आमच्याकडं एक उपाय आहे. जुन्या कॅसेटची फीत काढून वलांडीवर ताणायची. ती उन्हात चकाकते, वाऱ्यात गुणगुणते आणि कावळा लांब राहतो. वाडीतल्या निम्म्या जुन्या गाण्यांचा शेवट असाच झाला.

“मावशी,” मी म्हणालो, “सगळं डिस्कवर आलं. ही कॅसेट आता कावळ्यांच्या कामाची.”

“राहू दे ना घरात.”

“कशाला? बुरशी लागंल, त्या बुरशीनं डिस्कपण खराब होते.”

असं काही होत नाही. ते मला तेव्हाच सुचलं होतं. कोर्स केलेला माणूस असं बोलतो म्हटल्यावर ती परत बोंबलांकडं वळली. मी घरून स्क्रूड्रायव्हर आणला, कॅसेट उघडली आणि अख्खी हळद बाहेर काढून या बांबूपासून त्या बांबूपर्यंत ताणली. स्वतःच्या हातानं. कावळे खरंच उडाले. मी त्यांच्याकडं बघून काव काव केलं, आणि मावशी हसली.

संध्याकाळी तिच्या घरी वाडी जमली. माझी आई नवं लुगडं नेसून पुढं बसली, कारण दिग्दर्शकाची आई. मी आधी छोटं भाषण केलं. मग डिस्क लावली. पाकळ्या पडल्या, माझं नाव आलं, टाळ्या पडल्या. सनईसारखं कसलंसं संगीत सुरू झालं आणि नवरी, करवल्या, हळदीची ताटं संथ गतीत सरकायला लागली. एकदा नाखवा दिसला, दोन्ही हात वर करून नाचणारा, तोही संथ, पाण्याखाली असल्यासारखा. बायका डोळे पुसायला लागल्या. मावशी टीव्हीच्या अगदी जवळ बसली होती, मान एका बाजूला कलती करून, कान पुढं. तासाची हळद बारा मिनिटांत संपली आणि पडद्यावर शेवटी परत माझंच नाव आलं.

“झालं?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“आन् तो बोलतो ते?”

मांडवाचा खांब, कडेला अर्धवट दिसणारा माणूस, हललेला कॅमेरा, कमी उजेड. नटवीनं तो तुकडा फेकला होता, आणि ठेवला असता तरी त्यावर सनई असती. हे मला त्याच क्षणी कळलं. सगळे माझ्याकडं बघत होते. आई बघत होती.

“मावशी,” मी म्हणालो, “कॅसेट लय जुनी. त्या जागी आवाज आधीच गेला व्हता. चित्र वाचवलं तेच खूप.”

“खारी हवा,” मागून कुणीतरी म्हणालं. “आमच्या कॅसेटचंपण तसंच झालं.”

मावशीनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही.

“असंल,” ती म्हणाली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला उठली.

चहा पिताना खिडकीतून वलांडीवरची फीत ऐकू येत होती. वाऱ्यावर ती बारीक घूं करते. एरवी मला तो आवाज आवडायचा.

उजाडल्यावर मी फीत गोळा करायला गेलो. रात्रभर वारा होता. कुठं तुटली होती, कुठं पिळा पडला होता, कुठं बोंबलाच्या पाण्यानं चिकटली होती. मावशी घरातून म्हणाली, “कशाला काढतोस? कावळे येतील ना.” मी म्हणालो, हिच्यापेक्षा चांगली फीत आणतो, आणि खरंच दुसरी आणून लावली. काढलेली फीत पिशवीत भरून अलिबागच्या एका स्टुडिओत नेली. तिथल्या माणसानं पिशवी उघडली, वास घेतला आणि विचारलं, “यातलं ऐकायचं काय आणि तळायचं काय?” मी हसलो. पिशवी तिथंच ठेवून आलो.

त्यानंतर मी दारावरची पाटी काढली. लोकांना सांगितलं, मुंबईहून मोठं काम आलंय. कुठलंही काम आलं नव्हतं. आता मी मुरुडला एका लॉजमध्ये हिशेब आणि बुकिंग बघतो, आणि गिऱ्हाइकांना जंजिऱ्याच्या गोष्टी सांगतो, ज्यांतल्या बहुतेक मीच रचल्या आहेत.

वाडीत कधी त्या डिस्कचा विषय निघाला तर मावशी स्वतःच म्हणायची, “पोरानं लय मेहनत केली. आवाज आधीच गेला व्हता, तो काय करील?” माझं वाक्य, तिच्या तोंडून. मी ते ऐकायचो आणि मान हलवायचो. खरं सांगायचं तर काही वर्षांनी मलाही ते खरं वाटायला लागलं.

मग यंदा तिची मुलगी माहेरी आली. हळद हिचीच होती. हिला दिलेली म्हसळ्याला. लॉजवर पेढे द्यायला आली, तिच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. बोलता बोलता म्हणाली, “आमच्याकडं तेव्हा व्हीसीआर चालू व्हता बघ. आई तुला कॅसेट द्यायच्या आदल्या दिवशी यष्टीनं आली, तीन वेळा बाबांचं ते बोलणं ऐकलं आन् लगेच परत गेली. म्हणाली, पोराकडं द्यायच्या आधी बघून घ्यावं, आवाज हाय का नीट.”

“व्हता?” मी विचारलं.

“व्हता ना. मीच तर लावून दिली.”

पेढा माझ्या तोंडात होता.

त्याच संध्याकाळी मी मावशीकडं गेलो. ती वलांडीखाली पाटावर बसून वाळलेले बोंबील टोपलीत भरत होती. आता वर फीत नसते. जुन्या डिस्क लोंबत असतात.

“मावशी, त्या कॅसेटमध्ये आवाज व्हता.”

“व्हता.”

“मी बघितलंच न्हवतं. मशीनवर टाकलं आन् खेळायला गेलो.”

“म्हाईत हाय. इथनंच दिसत व्हतास. पहिल्याच बॉलला आउट झालास.”

“मग तेव्हा बोलली का न्हाईस?”

“काय बोलू? तुझी आई नवं लुगडं नेसून बसली व्हती.”

ती बोंबील मोजल्यासारखे एकेक ठेवत राहिली. मग म्हणाली, “पयले कानात व्हता माझ्या. दोन-चार वर्षं. आता आठवायला गेलं की माझ्याच आवाजात येतो.” आणि तिनं आवाज खाली ओढून म्हणून दाखवलं, “जेवलीस का गो?” थांबली. “न्हाय. असा न्हाय. जरा घोगरा व्हता.” परत म्हणाली. परत मान हलवली.

मग माझ्याकडं बघितलं. “तू सगळ्यांचं आवाज काढतोस ना रं. त्याचा काढ बघू.”

तिच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. मी आठवायला लागलो. खांद्यावर जाळं घेतलेला नाखवा आठवला, त्याची मान आठवली, विडी धरायची पद्धत आठवली. आवाज नव्हता. लहानपणापासून मी त्याच्या समोर बडबडत आलो होतो आणि तो बोलायचा तेव्हाही बहुतेक मीच बोलत असणार. कॅसेटवर तो तासभर माझ्या घरात होता आणि मी क्रिकेट खेळत होतो.

काहीतरी घोगरं काढलं असतं तर चाललं असतं. तिनं कान पुढं करून ते घेतलं असतं, आणि आयुष्यभर तोच त्याचा आवाज झाला असता. तोंड उघडलं होतं मी.

“मला न्हाय येत, मावशी.”

“व्हय,” ती म्हणाली. तिनं टोपली माझ्याकडं सरकवली. मी खाली बसलो आणि आम्ही दोघं वाळलेल्यातले ओले बोंबील बाजूला काढत राहिलो.