फ्रीझरमधला पाद्री

जगातल्या यच्चयावत माणसांवर आणि वस्तूंवर संशय घेऊनही रोज दुपारी जेवल्यावर दीड तास गाढ झोपू शकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे मामेसासरे. अमरावतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, विधुर, अंगाने किडकिडीत आणि नजरेने पोलीस. ऐंशीच्या दशकात आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहत होतो, तेव्हा भाचीकडे, म्हणजे माझी बायको नीला हिच्याकडे, सहा महिन्यांसाठी आले आणि मुदत वाढवून घेऊन वर्षभर राहिले. विमानतळावर सगळं सामान त्यांनी माझ्या स्वाधीन केलं, पण खांद्यावरची एक कापडी पिशवी काही केल्या सोडेनात. गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य बोलले ते हे: "जावईबापू, त्या कस्टमवाल्याने माझी लोणच्याची बरणी उघडून पाहिली नाही. का पाहिली नसेल?" घर येईपर्यंत या प्रश्नावर आमचा खल चालला होता.

मी स्वतः मोटारींच्या कंपनीत ब्रेक तपासण्याच्या खात्यात होतो. म्हणजे संशय घेण्याचाच पगार मला मिळत होता. पण मामांपुढे मी अगदीच भाबडा ठरलो. सुपरमार्केटचा दरवाजा आपोआप उघडला की ते पायरीवरच थबकत. "आपण येतोय हे याला कोणी सांगितलं?" मी म्हणायचो, "मामा, सेन्सर आहे तो." "ते झालं, पण त्याला कोणी सांगितलं?" आठवडाभर न नासणारं दूध त्यांनी महिनाभर तोंडाला लावलं नाही. छताला लावलेला, धूर झाला की वाजणारा भोंगा आपलं बोलणं टिपून घेतो, अशी त्यांची खात्री होती, म्हणून त्याच्याखालून जाताना ते फक्त हवापाण्याबद्दल बोलत. फोनवर तर ते "मी मजेत" याखेरीज एक अक्षर उच्चारत नसत. "कोणीतरी ऐकत असतं," हे कारण. समोरचा म्हातारा शेजारी गवत कापता कापता "हॅव अ नाइस डे" म्हणाला, तेव्हा ते घरात येऊन खुर्चीवर बसले आणि बराच वेळ विचार करून म्हणाले, "माझा दिवस कसा जावा याच्याशी त्याला काय देणंघेणं आहे?"

त्या कापडी पिशवीत एक माणूस होता. सतराव्या शतकातला, इंग्लंडमधल्या कुठल्याशा आडगावचा पाद्री. मामा बावीस वर्षं त्याचं चरित्र लिहीत होते. मी त्याचं नाव विचारलं तर म्हणाले, "वेळ आली की सांगेन." तोवर तो आमच्या घरात नुसता 'पाद्रीबुवा' म्हणून वावरला. या पाद्रीबुवांनी काय केलं नव्हतं? हिब्रू भाषेचं व्याकरण लिहिलं, चर्चच्या भिंतीवर सूर्यघड्याळ बसवलं, चंद्राचा नकाशा काढला, गावकऱ्यांचे दात उपटले, सफरचंदाची दारू गाळायची नवी रीत शोधली आणि दर रविवारी तीन तास प्रवचन दिलं. दात उपटण्यापेक्षा प्रवचनाला लोक जास्त घाबरत, असं मामा सांगत. सांगताना त्यांचा चेहरा एकदम सैल व्हायचा. जिवंत माणसाबद्दल बोलताना तो तसा झालेला मी कधी पाहिला नाही.

खुद्द मामांचंही पाद्रीबुवांसारखंच झालं होतं. आमच्या भागात मराठी घरं मोजकी, भटजी कोणीच नाही. मामांना सोवळं नेसता येतं आणि पोथी वाचता येते एवढं कळल्यावर डेट्रॉइटपासून पार ओहायोपर्यंतच्या डॉक्टर-इंजिनिअरांनी त्यांना पूजेला न्यायला सुरुवात केली. तळघरात सत्यनारायण सांगत, वर भोंग्याकडे डोळे लावून, ते समईची वात बारीक करत. शिवाय कोणाच्या मुलाला व्याकरण शिकव, कोणाची पत्रिका बघ, कोणाच्या भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त कर, हेही चालायचं. पण दोघांतलं हे साम्य मी बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी मला असं न्याहाळलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मात्र एवढ्या लाडक्या माणसावरही त्यांचा संशय होताच. पाद्रीबुवांचं नाव झालं ते मधमाश्यांवरच्या ग्रंथामुळे, आणि तो ग्रंथ त्यांनी स्वतः लिहिला नसून गावातल्या मेलेल्या मास्तराच्या कागदांतून उचलला, असं मामांना कित्येक वर्षं वाटत होतं. चरित्र अडलं होतं ते तिथेच. शनिवारी मी त्यांना तासाभरावरच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात घेऊन जायचो. त्यांनी विनंती करून इंग्लंडहून त्या मास्तराच्या पत्रांची मायक्रोफिल्म मागवली होती. मार्चमधल्या एका शनिवारी ते यंत्रापासून उठून बाहेर आले आणि ओव्हरकोटाची बटणं उलटसुलट लावत म्हणाले, "सापडलं. वाक्यंच्या वाक्यं तीच आहेत. मास्तराचं पत्र ग्रंथाच्या अकरा वर्षं आधीचं." मी अभिनंदन केलं. परतताना संबंध रस्ता ते खिडकीबाहेर पाहत होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, "चोर निघाला हो आपला माणूस." तेव्हा मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

ते प्रकरण त्यांनी दोन महिने खपून लिहिलं. त्याची एकच प्रत होती, कारण झेरॉक्सचं यंत्र आपल्याजवळही एक प्रत ठेवून घेतं असं त्यांचं मत होतं. आता हा शोध कोणीतरी पळवणार, या भीतीने त्यांनी चरित्राची प्रकरणं घरभर लपवली आणि कुठलं कुठे हे कोणाला म्हणून सांगितलं नाही. आमची रश्मी एकदा वैतागून म्हणाली, "आजोबा, नोबडी वॉन्ट्स युअर पेपर्स!" मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला असं बोलायला कोणी शिकवलं असेल?"

जुलैत वादळ झालं आणि तीन दिवस लाइट गेली. मामा ओहायोत एका वास्तुशांतीला गेले होते, नीला आणि रश्मी त्यांच्याबरोबर, आणि घरी मी एकटा. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरमधून पाणी वाहायला लागलं. नीलाने त्यात वर्षभराचं सगळं पुड्या बांधून, वर मार्करने नावं लिहून ठेवलेलं असायचं. खवलेला नारळ, मेथी, पुरणाचे गोळे. जड मनाने एकेक पुडी मी काळ्या पिशवीत टाकत होतो. तळाशी चांदीच्या कागदातलं एक भलंमोठं पुडकं निघालं. वर लिहिलेलं: कारलं. मी जन्मात कारलं खात नाही. जड मन तेवढ्यापुरतं हलकं झालं आणि ते पुडकंही मी पिशवीत टाकलं. दहा मिनिटांत कचऱ्याची गाडी आली.

दुसऱ्या दिवशी मामा परतले ते बूट न काढता गॅरेजमध्ये गेले. चहाच्या वेळी अगदी शांतपणे म्हणाले, "त्या फ्रीझरमध्ये एक कारल्याचं पुडकं होतं." नीला म्हणाली, "मामा, मी कुठे कारलं ठेवलं होतं?" मामा म्हणाले, "मी ठेवलं होतं. या घरात ज्याला कोणी हात लावणार नाही असं तेवढंच होतं." मला ठसका लागला. त्या पुडक्यात चोरीचं ते प्रकरण होतं हे लक्षात आलं, आणि तोंडातून मात्र निघालं, "मी नाही पाहिलं."

का खोटं बोललो ते आजही सांगता येत नाही. घाबरलो, एवढंच खरं. त्यानंतर मामांचा तपास सुरू झाला. एका लाल वहीत ते काहीबाही टिपून ठेवत. वीजकंपनीचा माणूस खांबावर चढला होता तेव्हा त्याची नजर कुठे होती? शेजाऱ्याने नेमकं त्याच आठवड्यात गवत का कापलं नाही? ग्रंथालयात दर शनिवारी भेटणारा प्राध्यापक आता ओळख का देत नाही? मी प्रत्येक संशयिताचा हिरिरीने बचाव करत होतो आणि आतून मरत होतो. शेवटी न राहवून म्हणालो, "मामा, मायक्रोफिल्म परत मागवू. दर शनिवारी ड्राइव्ह करतो मी, हवं तर सुट्टी काढतो. ते प्रकरण पुन्हा लिहा." त्यांनी लाल वही मिटून काखेत मारली. म्हणाले, "राहू द्या, जावईबापू. बाकीचं आहे तेवढं पुरे." थंडी पडायच्या आत ते अमरावतीला परत गेले. पिशवी तशीच खांद्याला होती. निघताना विमानतळावरच्या तपासनिसाने ती उघडून नीट तपासली, आणि मामा प्रथमच समाधानाने हसले.

डिसेंबरात तळघरातली घर गरम ठेवणारी भट्टी दुरुस्त करायला माणूस आला. भट्टीमागून त्याने लाल वही काढून माझ्या हातात दिली. विसरली असावी असं मला तेव्हा वाटलं. मामा काही विसरत नसत, हे नंतर आठवलं. पानोपानी नावं आणि समोर कारणं होती. कचरागाडीवाला: उगाच हसतो. शेजारी: फार गोड. नीला: लहानपणी कारलं आवडायचं. अगदी पाद्रीबुवांचंही नाव होतं: पुरावा होता, आता नाही. बरं झालं. शेवटच्या पानावर मी होतो. जावईबापू: वादळात घरी एकटेच. कारलं खात नाहीत. त्या दिवसापासून न मागता माझ्या भातावर तूप वाढतात. आणि त्याखाली, आधी खोडून पुन्हा लिहिलेलं: यांच्यावर संशय घेऊ नये. या देशात मी दोघांशीच बोलतो, आणि त्यातला एक तीनशे वर्षांपूर्वी वारला आहे.

मी तिथेच पायरीवर बसलो. मग वर येऊन अमरावतीला फोन लावला. मामा फोनवर आले, नेहमीप्रमाणे म्हणाले, "मी मजेत." मी म्हणालो, "मामा, ते कारलं..." मग त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"फोनवर नको, जावईबापू," ते म्हणाले. "कोणीतरी ऐकत असतं."

समोरासमोर बोलायचं राहून गेलं ते गेलंच. पुढच्या पावसाळ्यात मामा वारले. नीला हल्ली कधीमधी कारल्याची भाजी करते, आणि मी ती मुकाट्याने खातो.