महाडच्या गिरणीतलं मानपान

शनिवार, ८ फेब्रुवारी. काम एवढंच होतं की पुण्याहून आलेलं ड्रमचं पान पोलादपूरला भाचीच्या हातात द्यायचं. पान म्हणजे ड्रमवर ताणून बसवतात ते कातडं. हल्ली ते प्लॅस्टिकचं असतं, नाव तेच राहिलं आहे. हे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं होतं. खोकं चपटं, लग्नातल्या परातीएवढं. कुरियरवाला सोमवारशिवाय पोचवणार नव्हता आणि भाचीला ते रविवारच्या कार्यक्रमाला हवं होतं, म्हणून मी वाईहून एसटीत बसले.

कंडक्टरने खोक्याकडे पाहून विचारलं, "ताई, पापड का?"

"ड्रमचं पान."

"लग्नाचा बँड?"

"नाही, हार्डकोर."

त्याने तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेला. त्याने आणखी काही विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन एक बाई चढल्या आणि त्यांनी त्यातल्या दोन माझ्या खोक्यावर ठेवल्या. सपाट जागा दिसली की माणूस काहीतरी ठेवतोच, त्याला माझी हरकत नव्हती. पण आंबेनळी घाटाला वळणं पुष्कळ आहेत. उजवीकडे दरी, डावीकडे कातळ, मग उलट, असं तासभर चाललं. खाली हवा गरम झाली आणि पोलादपूरच्या स्टँडवर खोकं उचललं तेव्हा त्यातून लाल पाणी ठिबकत होतं.

धाकटी बहीण सुमन पोलादपूरजवळ एका वाडीत राहते. तिची मुलगी रेणू महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिने पान बाहेर काढलं. आतल्या बाजूला तळहाताएवढा लाल डाग पडला होता. मी पुसला, साबणाने घासला. तो फिका झाला, पण गेला नाही.

"राहू दे गो मावशी," रेणू म्हणाली. "आवाजाला काय होत नाय."

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट होती. जेवताना रेणूने मला हार्डकोर समजावून सांगितलं. पंक म्हणजे घाईचं, रागाचं संगीत. हार्डकोर म्हणजे त्याहून घाईचं. गाणं मिनिटभरात संपतं. गायचं नसतं, ओरडायचं असतं. महाडमध्ये हे पंधराएक वर्षांपूर्वी कंपन्यांतल्या काही कामगारांनी सुरू केलं. त्यांच्या बँडचं नाव 'तिसरी पाळी'.

"मला आधी वाटलं मुलींचाच बँड आहे," सुमन म्हणाली.

मुलींचा बँड रेणूचा होता. ड्रमवर ती, ओरडायला स्नेहल, गिटारवर आणखी एक. नाव 'गाळ', कारण पुरानंतर तिघींच्या ओळखीच्या घरांतून त्यांनी तो उपसला होता. त्यांना अजून एकदाही लोकांसमोर वाजवू दिलं नव्हतं. दोन्ही बँड एका बंद गिरणीत वाजवायचे. तालमीत रेणूकडून तिथल्या सामाईक ड्रमचं पान फाटलं, तेव्हा 'तिसरी पाळी'वाल्यांनी सांगितलं, आधी पान भरून द्या, मग बोलू. मंगळवारी स्नेहल वापीला नोकरीवर हजर होणार होती. आता नाही, तर 'गाळ' राहणारच नव्हता.

मी रविवारी सकाळी परतणार होते. पण पान दिल्यावर ते काय बोलतात ते बघावं म्हटलं.

रविवारी दुपारी रेणू आणि मी महाडला उतरलो, चवदार तळ्यापाशी रिक्षा बदलली आणि एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या एका बंद भातगिरणीत पोचलो. आत कोंड्याचा वास अजून होता. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. स्नेहल आणि गिटारवाली आधीच येऊन थांबल्या होत्या. जुने ड्रम मध्यभागी मांडलेले. मोठ्या ड्रमला समोरच्या बाजूने पान कधी नव्हतंच. त्या उघड्या तोंडातून आतल्या फाटक्या पानावर मार्करने लिहिलेलं 'तिसरी पाळी' दिसत होतं.

नंदू नावाचा गृहस्थ पुढे आला. 'तिसरी पाळी'चा गाणारा, प्लांटवर ऑपरेटर, वय पंचेचाळीसच्या आसपास. म्हणजे माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान.

"मावशी, पान आणलंत. लय उपकार."

मावशी म्हटलेलं मी सोडून दिलं. रेणूने नवं पान बसवलं, चावीने चहूबाजूंनी ताणलं, पायाने ठोकून पाहिलं. आवाज छातीत लागला.

"आज आम्ही वाजवतो ना, दादा?" तिने विचारलं.

"आज नाय. आधी वर्षभर स्पीकर उचला. मग स्टेज. आम्ही उचललेत."

"कुणाचे उचललेत?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"तुमच्या आधी इथे बँड कुठला होता?"

नंदू म्हणाला, "आमचेच."

"ते तर मीही उचलते. भाजीची पिशवी."

मागून त्यांचा गिटारवाला सुहास खुसखुसला. नंदूने त्याच्याकडे पाहिलं आणि मुलींकडे वळला. "आमचं पहिलं गाणं तरी येतं का? म्हणा."

स्नेहलने डोळे मिटले आणि तिथेच ओरडली, "मानपान नको! पालखी कुणाची? खांदा कुणाचा? मानपान नको!" पूर्ण म्हटलं. मला शब्द कळले हे विशेष.

शिमग्यात देवीची पालखी पहिली कोणी उचलायची याचा गावोगाव मान ठरलेला असतो. नंदूच्या गावात त्याच्या घराला तो नव्हता. त्याच्या वडिलांनी एकदा खांदा पुढे केला तर मानकऱ्यांनी (ज्यांच्याकडे हा हक्क असतो ते) त्यांना भर अंगणात मागे ढकललं. त्यावरून त्याने गाणं लिहिलं होतं. हे मला सुहासने सांगितलं, नंदूला ऐकू जाईल अशा बेताने.

"म्हणजे इथले मानकरी तुम्ही," मी नंदूला म्हटलं.

"नंद्या, फेटा आण रे!" सुहास म्हणाला. दोघे-तिघे हसले. नंदू हसला नाही.

"तसं नाय हाय मावशी. शिस्त लागते. उद्या कुणीपण येईल आणि ठोकेल."

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि रेणूच्या हातातून चावी घेतली. ड्रमपाशी बसून पहिला स्क्रू सैल केला. दुसरा केला.

"काय करताय?"

"मान तुम्ही ठेवा. पान मी नेते."

तिसरा स्क्रू घट्ट होता. तो मी दोन्ही हातांनी सैल केला. मग नंदू म्हणाला, "तीन गाणी. पण पहिले आम्ही. पहिला मान आमचा."

"चालेल दादा," रेणू म्हणाली. लगेच म्हणाली. मला तिचं आश्चर्य वाटलं. मी स्क्रू परत आवळले.

'तिसरी पाळी'ने सव्वातीनला सुरुवात केली. ऐकायला आम्ही आठ-दहा जण होतो, त्यात एक गिरणीच्या मालकाचा म्हातारा बाप, जो दारात खुर्ची टाकून पेंगत होता आणि पेंगतच राहिला. नंदू चांगला ओरडतो. गळ्याच्या शिरा दिसतात. सात गाणी झाली आणि घाम पुसत ते बाजूला झाले, तेवढ्यात बाहेर मोटारसायकली थांबल्या. मग बस थांबली. पहिली पाळी सुटली होती. गणवेशातली, डबे हातात घेतलेली पोरं आत आली, मुलीही आल्या, आणि गिरणी भरली.

रेणूने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला बसची वेळ माहीत होती. नंदूलाही माहीत असणार. पण पालखीत पहिलं असणं मोठं असतं, आणि तो तिथेच अडकला होता.

'गाळ' सुरू झाला तेव्हा पोरं एकमेकांवर आदळू लागली. मी भिंतीशी सरकले. कोणीतरी ड्रममधला लाल डाग पाहून म्हणालं, "लोगो भारी हाय!" दुसऱ्या गाण्यात अडचण आली. रेणू इतक्या जोरात पाय मारत होती की मोठा ड्रम तिच्यापासून पुढे पुढे घसरू लागला. ती स्टुलासकट मागोमाग सरकत होती. असंच चाललं असतं तर ती दारातल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचली असती.

नंदू गर्दीतून आला. गर्दीकडे पाठ करून ड्रमसमोर जमिनीवर बसला, दोन्ही पाय कड्याला लावले आणि ड्रम दाबून धरला. त्या उघड्या तोंडासमोर, आवाजाच्या अगदी पुढ्यात. पोरांचे गुडघे त्याच्या पाठीत बसत होते. तो तिसरं गाणं संपेपर्यंत तसाच बसला, आणि पोरांनी आणखी मागितलं म्हणून चौथं झालं तोवरही.

मग उठून पँट झटकली आणि म्हणाला, "पुढच्या टायमाला पहिले तुम्ही."

"नको दादा," रेणू म्हणाली. "आम्ही शेवटीच बरे."

"स्नेहल तर चालली ना वापीला?"

"सुट्टीला येणार मी," स्नेहल घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बसच्या टायमाला लावा."

निघताना नंदूने फाटकं पान माझ्या हातात दिलं. "पान नेते म्हणालात ना. न्या."

सोमवारी घाट चढून वाईला आले. डाव्या कानात अजून शिट्टी वाजत होती. गिरणीतली ती माणसं मला आवडली की नाही, हे मला घाटातही ठरवता आलं नाही. पण ज्याने वाट अडवली, त्यानेच ड्रम धरला, हे मी पाहिलं होतं, आणि त्याला ते कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या पाण्याच्या पिंपावर ते पान झाकण म्हणून ठेवलं. माप बरोबर बसलं. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावली. शेजारच्या वहिनी फुलं तोडायला आल्या, त्यांनी वरची 'तिसरी पाळी' ही अक्षरं वाचली, मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हटलं आणि पिंपावर दगड ठेवला.