दाजींची बाटली

दाजींना ‘कसे आहात?’ असं विचारायची सोय नव्हती. ‘खणखणीत!’ म्हणून ते ओरडायचे आणि विचारणाऱ्याच्याच पोटाला चिमटा काढायचे. मग त्या पोटावर अर्धा तास व्याख्यान. वय एकोणसाठ, धंदा नळदुरुस्तीचा, अंगात तोळाभर चरबी नाही. पहाटे पाचला उठून ते तासभर चालायचे. सिगारेट सोडून बारा वर्षं झाली होती. चहात साखर नाही, ताटात वरून मीठ नाही, आणि हे ठाऊक नसलेला माणूस त्यांच्या गल्लीत उरला नव्हता. ‘गळती लवकर सापडली तर वॉशर बदलून भागतं,’ ते म्हणायचे, ‘उशीर केला की भिंत फोडावी लागते. शरीराचंही तेच.’ स्वतः मात्र ते डॉक्टरची पायरी कधी चढले नव्हते. गरजच काय? त्यांची तपासणी दर वर्षी आपोआप होत होती, मेहुण्याच्या नावावर.

हा मेहुणा म्हणजे दाजींच्या बायकोचा, ताईचा, धाकटा भाऊ. बस चालवायचा, म्हणून दाजी त्याला पायलट म्हणायचे. डेपोत वर्षातून एकदा चालकांची तपासणी असे. डोळे, रक्तदाब आणि लघवीची बाटली. बाटलीत साखर सापडली की हातातलं स्टिअरिंग गेलं, मग निवृत्तीपर्यंत गाड्या धुवायच्या, तेही ज्यांना आपण गाडी शिकवली त्यांच्या हाताखाली. पायलटला साखर होती. गोळ्याही होत्या, पण त्या तो आठवण झाली तर घ्यायचा. पहिल्या वर्षी तो ताईकडे तोंड पाडून येऊन बसला, तेव्हा दाजी म्हणाले, ‘एवढंच ना? माझी घेऊन जा की!’

तेव्हापासून तो रिवाजच पडला. तपासणीच्या सकाळी दाजी बाटली जाड मोज्यात गुंडाळून तयार ठेवायचे. ‘घे. एक नंबरचा माल.’ पायलट ती काखेत दाबून डेपो गाठायचा, कारण तिथला कंपाउंडर बाटलीला बोट लावून ती कोमट आहे ना एवढं बघत असे. संडासात दोन मिनिटं उभं राहायचं, उगाच पाणी सोडायचं आणि बाहेर यायचं. आठवड्याने चिठ्ठी मिळायची. साखर नाही, रक्त नाही, चालक पात्र. दाजी ती ताईला मोठ्याने वाचून दाखवत आणि तिची झेरॉक्स वहीत चिकटवत. ‘चला, अजून एका वर्षाची गॅरंटी!’ नाव पायलटचं आणि लघवी दाजींची, अशा दहा चिठ्ठ्या त्या वहीत जमल्या होत्या.

अकराव्या वर्षी चिठ्ठीऐवजी पत्र आलं. लघवीत रक्त आढळले आहे, गाठीची शक्यता नाकारता येत नाही, दहा दिवसांत पुन्हा नमुना द्यावा, विलंब करू नये. पायलट बसच्या पायरीवर मटकन खाली बसला. बायकोला काय सांगायचं, मुलीचं लग्न कसं उरकायचं, इथपर्यंत तो पोचला आणि मग त्याला आठवलं की बाटली आपली नव्हती. तेव्हा तो हसला. लिहायलाही बरं वाटत नाही, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

त्याला लाज वाटली नाही असं नाही. संध्याकाळी तो पत्र खिशात घालून तडक ताईकडे गेला. दार दाजींनीच उघडलं. ‘या पायलट! कितवा महिना?’ म्हणत त्यांनी पोटाला चिमटा काढला. ताई हसली, शेजारीण हसली. ओठांवर आलेलं वाक्य पायलटने गिळलं. दाजींच्या पोटात काही राहायचं नाही. सकाळ उजाडताच ते पत्र घेऊन दवाखान्यात जाणार, आणि दवाखान्यातला डॉक्टर तोच, जो डेपोत बसायचा. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आधी आपली चिठ्ठी होऊ दे, मग सांगू, त्याने ठरवलं. दहा दिवसांनी काय असं आभाळ कोसळतंय!

ते दहा दिवस पायलट अगदी दाजींसारखा जगला. पहाटे उठून चालला. गोड सोडलं, गोळ्या वेळेवर घेतल्या, पोटभर पाणी प्यायला. दहाव्या दिवशी अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःची बाटली भरून दिली. चिठ्ठी आली: साखर नाही, रक्त नाही, चालक पात्र. मागच्या वेळी बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, असं डॉक्टर म्हणाले. पायलटने मान डोलावली.

आता सांगायचंच, असं ठरवून तो ताईकडे गेला. पण दाजींनी हातातली चिठ्ठी हिसकावली आणि चष्मा न लावता वाचली. ‘घ्या! एकोणसाठाव्या वर्षी! आहे का कुणाची टाप?’ त्यांनी डिंकाची बाटली काढली आणि चिठ्ठी वहीत गेली. पायलट चहा पिऊन घरी आला.

पुढे रोज सांगायचं राहिलं. आठवडा उलटला तेव्हा ‘आठवडाभर का लपवलंस?’ याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. महिना गेल्यावर तर तोंडच उरलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला यात थोडी गंमतही वाटू लागली होती. चारचौघांत दाजींनी चिमटा काढला की पूर्वी त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आता तो शांत राहायचा. चिमटे काढा, व्याख्यानं द्या, तुमच्या आत काय बसलंय ते मला ठाऊक आहे. ते पत्र त्याने बसमधल्या आपल्या सीटच्या गादीखाली सरकवलं होतं. रोज तो त्यावर बसून गाडी चालवायचा.

आठव्या महिन्यात दाजींना स्वतःलाच लाल दिसलं. ताई घाबरली. दाजी म्हणाले, ‘बीट खाल्लं होतं.’ दोन दिवसांनी बीट न खाताही दिसलं. ताईने दवाखान्याचा हट्ट धरला, तशी त्यांनी वही आणून तिच्यापुढे आपटली. ‘कागद काय म्हणतो? रक्त नाही. तू डॉक्टर की कागद?’ ताईने भावाला फोन केला. ‘अरे, तू तरी सांग यांना. तुझं ऐकतील.’ पायलट म्हणाला, ‘बघतो.’ त्यात आणखी तीन आठवडे गेले. मग एके सकाळी दाजींची लघवी अडली आणि त्यांना उचलून न्यावं लागलं.

मोठ्या इस्पितळातली सर्जन बाई कमी बोलणाऱ्या होत्या. गाठ मूत्राशयाच्या भिंतीत खोल गेली आहे, त्या म्हणाल्या. वेळेत कळलं असतं तर आतून खरवडून भागलं असतं, आता सगळं मूत्राशय काढावं लागेल आणि तरीही खात्री देता येणार नाही. दाजींनी हे ऐकून घेतलं. वॉशर आणि भिंत त्यांना आठवली असणार.

‘याआधी लघवी कधी तपासली होती?’ बाईंनी विचारलं.

‘दर वर्षी!’ दाजी उशीवरून अर्धे उठले. ‘ताई, ती वही दे गं.’ मेहुण्याचं ऐकून ऐकून बायकोला तेही ताईच म्हणायचे.

बाईंनी शेवटची चिठ्ठी पाहिली. ‘यावर दुसऱ्याचं नाव आहे.’

‘नाव याचं, माल माझा,’ दाजी हसले आणि त्यांनी मेहुण्याकडे बोट केलं. ‘अकरा वर्षं. सांग रे.’

बाईंनी पायलटकडे पाहिलं. ‘हा नऊ महिन्यांपूर्वीचा नमुना यांचाच होता? नीट आठवून सांगा. गाठ किती वेगाने वाढली ते मला यावरून ठरवायचंय.’

ताई बघत होती. ‘नाही’ म्हटलं तर गादीखालच्या पत्रापर्यंत सगळं सांगावं लागणार होतं.

‘हो,’ पायलट म्हणाला. ‘यांचाच.’

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. ‘मग फारच आक्रमक आहे. औषधाचा जोरही तसाच ठेवावा लागेल. सोसेल का ते बघू.’ त्या निघून गेल्या.

ताईने डोळे पुसले आणि भावाच्या पाठीवर हात ठेवला. ‘तुझ्यामुळे दर वर्षी तपासणी तरी होत होती रे. हे तर डॉक्टरच्या दारातही गेले नसते. आमचंच नशीब फुटकं.’

दाजींनी हात लांब केला. चिमटा पोटापर्यंत पोचला नाही, शर्टच तेवढा बोटांत आला. ‘पायलट, तुझी पंचाईत झाली. या वर्षी तुझी तुलाच द्यावी लागणार. जमेल का?’

‘जमेल,’ तो म्हणाला.