दुर्बिणीला मंगळ दिसला नाही

तुमच्या डोक्यावर दोन टन लोखंड लटकतंय, आणि ते ज्याच्या हातात आहे त्याला तुम्ही दिसता की नाही, हे तुम्ही कधी विचारलंय? नाही विचारलंत. कोणीच विचारत नाही. वरच्याला सगळं दिसतं असं धरून आपण खाली खुशाल उभे राहतो.

पाइपांच्या त्या यार्डात तर हा प्रश्न विचारणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. कारण तिथल्या क्रेनवर दुर्बीण बसायचा. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी साठ फुटांवरच्या केबिनमधून त्याने मुकादमाला ओरडून सांगितलं होतं, "साहेब, शर्टाचं तिसरं बटण लोंबतंय." मुकादमाने खाली बघितलं, तर खरंच लोंबत होतं. त्या दिवसापासून त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या कार्डावर उरलं. गल्लीत कोणाची कानातली फिरकी हरवली, की हाक दुर्बिणीला. सुईत दोरा ओवायचा, दुर्बिणीकडे या. एकतीस वर्षं तो रोज चौसष्ट पायऱ्यांची शिडी चढला, आणि प्रत्येक पायरीगणिक त्याची मान जरा जास्तच ताठ होत गेली. असू दे. गरिबाला मिरवायला एवढं तरी नको का?

दीड वर्षापूर्वी एका संध्याकाळी खालच्या माणसांची नारिंगी जाकिटं राखाडी झाली. आधी त्याने काच पुसली, मग डोळे चोळले. महिनाभर स्वतःलाच फसवून झाल्यावर तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही अशा डॉक्टरकडे गेला. गुत्त्यात शिरावं तसा, इकडेतिकडे बघत.

डॉक्टर म्हणाले, "डोळ्याच्या मागचा पडदा झिजत चाललाय. चष्म्याने भागायचं नाही. अंधार पडला की जास्त त्रास होईल. काम काय करता?"

"दुकान आहे," दुर्बीण म्हणाला.

आयुष्यात खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, पण पहिलंच खोटं असं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, कंपनीत डोळे तपासत नव्हते का? तपासत होते की, दरवर्षी. दवाखान्याच्या भिंतीवर अक्षरांचा एक तक्ता होता, कडा पिवळ्या पडलेला, कोणी कधी टांगला हे कोणालाच आठवत नव्हतं. तिसरी ओळ क, प, ट, म. चौथी ओळ ल, ग, न, द, स. पन्नाशी ओलांडलेला प्रत्येक ऑपरेटर तो तक्ता पाढ्यांसारखा म्हणायचा. जुने नव्यांना शिकवायचे, डबा खाताना उजळणी व्हायची. एकदा एकाने तक्त्याकडे पाठ करून तो धडाधड वाचून दाखवला होता आणि कंपाउंडरने मान वर न करता 'पास' लिहिलं होतं. ही लबाडी आहे असं त्यांच्यातल्या एकालाही वाटत नव्हतं, कारण नापास झालेल्याला त्याच दुपारी बूट जमा करून गेटबाहेर जावं लागायचं. नापासाला खालचं काम द्या, अशी मागणी तीनदा लेखी दिली. तिन्ही वेळा उत्तर आलं, "बघू." साहेबाच्या 'बघू'इतका आंधळा शब्द दुसरा नाही.

दुर्बिणीचं एक वेगळं होतं. त्याच्या क्रेनखाली सिग्नल द्यायला त्याचाच मुलगा उभा असायचा, सहा वर्षांपासून. हात वर करून गोल फिरवला की उचल. हात आडवा केला की सरक. हात खाली हलवला की सोड. वर बसलेल्याने खालच्या हाताशिवाय काही करायचं नाही, हा क्रेनचा पहिला आणि शेवटचा नियम. मुलाचा हात संध्याकाळी दिसेनासा झाला, तेव्हा दुर्बिणीने मुलगाच पाठ केला. तो हात किती वेळ फिरवतो, मध्ये किती थांबतो, ट्रकवर पाइपांची मोळी आली की मनात बारापर्यंत मोजायचं, 'सोड' येतोच. कधी चुकलं नाही.

या सगळ्यात सुनेला आकाश बघायचं खूळ लागलं.

सून एका शाळेच्या ऑफिसात कामाला. रविवारी वाचनालयात एक निवृत्त मास्तर तारे ओळखायला फुकट शिकवायचे, तिथे ती जायला लागली. काळ्या कागदावर पांढऱ्या ठिपक्यांचा एक मोठा नकाशा तिने स्वतः काढून आणला आणि स्वयंपाकघरात फळीला टाचला.

"बाबा, मला एकटीला काही सापडत नाही," ती म्हणाली. "कागदावर सगळं कळतं, गच्चीवर गेलं की नुसते तीळ सांडल्यासारखं दिसतं. तुमच्यासारखे डोळे घरात असताना मी का धडपडू? मला शोधून द्या."

सासूबाई पोळपाट पुसता पुसता म्हणाल्या, "जा हो. घरातलं मीठ कुठे आहे ते यांना सापडत नाही, पण वरचं सापडेल."

नाही कसं म्हणणार? नाही म्हणायला कारण द्यावं लागतं. पहिल्या दिवशी गच्चीवर त्याला व्याध दिसला, एकटा, ठळक. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या जागी एक फिकट ओरखडा. बाकी सगळं तव्यासारखं काळं. ती विचारत राहिली आणि तो "उद्या सांगतो, आज धूर आहे" म्हणून खाली उतरला.

मग त्याने जे येत होतं तेच केलं. चार दिवस सकाळी चहा पिताना फळीवरचा नकाशा पाठ केला. हात लांब करून मापं ठरवली: व्याधापासून एक वीत वर, तीन तारे. तीच रेघ धरून आणखी एक वीत, रोहिणी, तांबूस. तिथून दीड मूठ, कृत्तिकांचा पुंजका, सहा तारे. एकटा व्याध सापडला की पुढचं सगळं आकाश त्याला बोटांवर मोजता यायचं. क्रेनचंच गणित की, फक्त ओझं नाही.

"ती बघ रोहिणी," तो बोट दाखवायचा, आणि बोटाच्या टोकाशी रोहिणी असायची.

"बाबा, तुम्ही म्हणजे कमाल आहात," सून म्हणायची. नवऱ्याला खाली जाऊन सांगायची, "त्यांना सहाच्या सहा कृत्तिका दिसतात. मला चारच्या पुढे दिसत नाहीत." मुलगा हसायचा, "अगं, ते दुर्बीण आहेत." आणि दुर्बीण ताटात मान घालून जेवायचा. 

हिवाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. आठचा सुमार. सून गच्चीच्या कठड्याला टेकून पश्चिमेकडे बघत होती.

"बाबा, रोहिणीपाशी तांबडे किती दिसतात?"

"एक. रोहिणी एकच असते."

"मला दोन दिसतायत."

"डोळ्यात पाणी आलं असेल. एकाचे दोन होतात."

तिने ओढणीने डोळे पुसले. "नाही हो. एक रोहिणी, आणि एक तिच्यात न् कृत्तिकांच्या मध्ये. चांगला ठळक आहे. तुम्हाला कसा दिसत नाही?"

"नकाशात आहे का? नाही ना. मग असेल कसा?"

तिलाही स्वतःचीच शंका आली. तिने मास्तरांना फोन लावला, आवाज मोठा करून. मास्तर खूष झाले. "शाब्बास. तो मंगळ. ग्रह आहे, भटक्या. नकाशात त्याला कायमची जागा नसते, आज इथे, उद्या तिथे. सध्या तिथेच मुक्काम आहे. साध्या डोळ्यांनी कोणालाही दिसेल."

फोन बंद झाला. कोणालाही, हा शब्द गच्चीवर तसाच राहिला.

सून चार पावलं मागे सरली. म्हणाली, "बाबा, माझा हात वर आहे की खाली?"

समोर नुसता काळोख होता. ती नेहमीची उत्साही पोर, बोट दाखवायला हात उचललेलाच असणार. "वर," तो म्हणाला.

"मी हात बांधून उभी आहे."

 ती पुन्हा जवळ आली, आवाज अगदी खाली नेऊन म्हणाली, "उद्या तुमची दुपारपाळी. दिवे लागेपर्यंत तुम्ही वर, आणि हे खाली."

"निवृत्तीला चौदा महिने राहिलेत फक्त. चौदा महिन्यांनी मानाने उतरतो."

"चौदा महिने कोणाचे, बाबा? तुमचे की यांचे?"

तो चिडला. "तू कालची आलेली, मला क्रेन शिकवू नको. दीड वर्ष एक ओरखडा नाही कोणाला."

"मग यांना सांगा की. सांगून टाका आणि चढा. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"सांगतो," तो म्हणाला. "उद्या चढायच्या आधी सांगतो."

सकाळी चहाला मुलगा म्हणाला, "काय बाबा, सापडला का नवा तारा?" सुनेने वर बघितलं. दुर्बीण म्हणाला, "चहा पी गुपचूप." दुपारी शिडीपाशी पोरगा हातमोजे चढवत उभा होता, तोंडभर हसला, आणि दुर्बीण त्याच्या पाठीवर थाप मारून वर चढला. सांगितलं नाही. शब्द दिला होता आणि गिळला. चौसष्ट पायऱ्या चढताना त्याने स्वतःला चौसष्ट कारणं दिली.

उन्हात सगळं नीट चाललं. सूर्य शेडमागे गेला. कोपऱ्यातल्या खांबाचा दिवा आठ दिवस बंद होता, तक्रार वहीत पडून होती. वॉकीटॉकीची मागणी तर तीन वर्षं जुनी. शेवटचा ट्रक लागला. मुलाचा हात फिरला असावा. दुर्बिणीने मोळी उचलली. आडवा झाला असावा; सरकवली. मोळी ट्रकवर आली. तो मोजायला लागला. दहा. अकरा. बारा. दांड्यावर मूठ आवळली.

आणि हात पुढे जाईना. वर आहे की खाली? सुनेचा प्रश्न कानात नाही, मनगटात शिरला होता. काल तो असाच पाठांतरावर बोलला होता, आणि ती हात बांधून उभी होती. त्याने खाली बघितलं. राखाडी. आणखी डोळे ताणले. राखाडीच. मोळी डुलत होती. खालून कोणीतरी काहीतरी ओरडलं, इंजिनाच्या आवाजात विरलं.

त्याने भोंगा तीनदा दाबला. तीनदा म्हणजे सगळे बाजूला व्हा. मग दांडा सोडला, ब्रेक लावला आणि बसून राहिला. मोळी हवेत, आणि ऑपरेटर दगडासारखा. यार्डात असं कधी झालं नव्हतं.

मुलगा धापा टाकत वर आला. "बाबा, छातीत दुखतंय का?"

"तू हात काय केला होतास?"

"दोन्ही हात पसरून उभा होतो. थांबा म्हणून. ड्रायव्हर पाचर ठोकायला गाडीवर चढला होता ना, बरोबर मोळीच्या खाली. का?"

"मला दिसला नाही."

"ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर नाही, हात नाही, तू नाही. दीड वर्ष झालं."

मुलगा आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला. "आणि मी रोज खाली उभा होतो?"

"तू होतास म्हणूनच जमलं. तुझी लय मला पाठ आहे."

"मी काय तक्ता आहे का, पाठ करायला?" मुलगा म्हणाला. एवढंच. मग तो वळून शिडीकडे गेला आणि दुसऱ्या ऑपरेटरला बोलवायला खाली उतरला. ती मोळी दुसऱ्याने खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी 'अनफिट' असा शिक्का बसला, बूट जमा झाले. आठवड्यात नवा तक्ता आला, आणि आणखी चार जण गेटबाहेर पडले. त्यातला एक, ज्याने दुर्बिणीला तिसरी ओळ शिकवली होती, दारात येऊन म्हणाला, "तू खरं बोललास, छान केलंस. आता माझ्या घरी येऊन माझ्या बायकोलाही खरं सांग." पाणीसुद्धा न घेता गेला. त्याला चूक म्हणायची कोणाची छाती आहे? ड्रायव्हर वाचला, हे खरं. चार चुली विझल्या, हेही खरं. दुर्बिणीला दोन्ही एकदम उचलता येईना.

मुलगा घरात कामापुरतं बोलतो. ताट वाढलंय, दार लावा, एवढंच. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आकाश बघायला गेलात आणि पायाखालची जमीन घालवून बसलात." कोणी हसलं नाही, त्या स्वतःही नाही. सुनेने नकाशा फळीवरून काढून ठेवला होता. दुर्बिणीनेच तो पुन्हा टाचायला लावला.

"पाठ असलेलं सांगू नका," ती गच्चीवर म्हणते. "दिसेल तेवढंच सांगा."

"व्याध," तो म्हणतो. थोडा थांबून, "आज तोही लांब गेल्यासारखा."

आणि सकाळी तो गेटवर जातो. रोज. हातात एक अर्ज: नव्या पोरांना सिग्नल शिकवायचं काम द्या, दिवसाउजेडी, जमिनीवर, एकतीस वर्षं या हातांत आहेत. परवा आतून निरोप आला, आंधळा काय शिकवणार. तो म्हणाला, "तुम्हाला कुठे दिसतंय? तरी चालवताच ना कंपनी?" आणि दुसरा अर्ज लिहायला बसला. लिहिताना ओळी एकमेकींवर चढतात, म्हणून सून लिहून देते.

तुमच्या कामाच्या ठिकाणीही असा एक तक्ता असेल. उद्या जाऊन तो बदलायला लावा. पण त्याआधी, त्यात जो नापास होईल त्याला दुसरं कोणतं काम देणार, ते साहेबाकडून सहीनिशी लिहून घ्या. आधी ती सही घ्या, मगच तक्ता बदला.