सम्राटापुढचा चिमूटभर ऊद

कामगार संघटनेत मला पत्रक लिहायला शिकवलं ते असं: पहिल्या ओळीत अन्याय, दुसरीत मागणी, तिसरीत तारीख. मी पहिल्याच ओळीत रोमन साम्राज्य घातलं. इतिहासात एम.ए. करत होते, डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मागणी साधी होती. भवानी पेठेतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात वीसेक बायका दिवसभर टॉवेलांच्या कडेच्या दशांना गाठी मारत बसायच्या आणि त्यांच्यासाठी संडास नव्हता. पुरुषांना मागची भिंत होती. बायकांनी कामावर पाणी पिणंच सोडलं होतं. शेठना विचारलं की ते देवीच्या फोटोकडे हात करायचे, "सगळं तिच्या हातात." म्हणजे गवंडीकामही देवीनंच करायचं.

पत्रक मी नेऊन वाटलं. बायकांनी त्याची घडी घालून बुडाखाली घेतली, फरशी गार लागते म्हणून. मी भडकले. त्यांच्यातली सगळ्यात जुनी अक्का, घरी तेलुगू बोलणारी, म्हणाली, "आमाला वाचता कुटं येतंय? तूच वाच की. हात कामात हायत, कान मोकळेच हायत."

वाचलं. रोममध्ये दोन हजार वर्षांपूर्वी सार्वजनिक संडास होते, दगडी बाकाला भोकं, खालून वाहतं पाणी, लोक शेजारीशेजारी बसून गप्पा मारायचे.

"शेजारीशेजारी? दार न्हाय?"

"नव्हतं."

"मग कसलं राज्य ते. पुढं वाच."

पुढं पहिले ख्रिस्ती लोक होते. गुलाम, बायका, कारागीर. कुणाच्या तरी घरी जमायचे, लांबून आलेलं पत्र एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे, मग पत्र पुढच्या गावी. सम्राटाला देव मानायची तिथं रीत. अधिकारी म्हणायचा, फार काही नको, त्याच्या मूर्तीपुढे चिमूटभर ऊद टाक आणि घरी जा. बऱ्याच जणांनी टाकला. काहींनी टाकला नाही, ते जिवानिशी गेले.

"चिमूटभरच?"

"चिमूटभरच."

अक्कानं हातातली गाठ करकचून ओढली.

सोमवारी मी धरणं ठरवलं होतं, फलक रंगवून तयार होते. त्याआधी शुक्रवार आला. दर शुक्रवारी काम सुटताना अक्का देवीपुढे उदबत्ती लावायची. कामावरच्या बाईच्याच हातानं लागली पाहिजे, ही शेठच्या वडिलांपासूनची पद्धत. मी दारात उभी होते. शेठनी काडेपेटी पुढे केली. अक्कानं हात पदरात घेतले.

"आज न्हाय."

"अडचण आहे का?" शेठनी विचारलं. साठीच्या बाईला. बायका फिसकन हसल्या.

"माझं वय बघा की शेठ. देवीची पूजा मी घरी करीन. हितली उदबत्ती तुमच्यासाठी असती. ती संडास झाल्यावर."

शेठ दुसऱ्या बाईकडे वळले, तिसरीकडे वळले. काडेपेटी कुणीच घेतली नाही.

धरणं, मोर्चे शेठनी पुष्कळ पचवले होते. उदबत्तीवाचून शुक्रवार मात्र जन्मात पहिला. सोमवारी मी फलक घेऊन गेले तर गवंडी जागेची मापं घेत होता. त्यानं फलकाची काठी मागितली, दोरी बांधायला. दिली.

संघटनेत मला फैलावर घेतलं, लढ्यात देवधर्म घुसवला म्हणून. मी म्हटलं, मी फक्त रोम घुसवलं होतं.

पुढचे दोन शुक्रवारही कोरडे गेले. तिसऱ्याला संडास तयार होता, पाण्याचा नळ, पत्र्याचं दार. शेठनी काडेपेटी धरली. अक्का आधी आत जाऊन आली.

"कडी कुटंय?"

"उद्या बसवतो अक्का."

"मग उदबत्ती पण उद्या."

शेठ स्वतः स्कूटरवरून कडी आणायला गेले. ती बसेपर्यंत कुणी घरी गेलं नाही. अक्कानं दोनदा लावून, काढून बघितली, मग उदबत्ती पेटवली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरी, माठातनं तांब्या भरून दे."

उभ्यानंच तिनं तो रिकामा केला.