विहीणबाईंची शपथ

आमच्या विहीणबाई, गडब गावच्या सीताबाई, दिसायला एवढ्याशा, पण हट्टाला पक्क्या. हायवेच्या कडेला वाल विकायला बसतात आणि गिऱ्हाईकाने जास्त घासाघीस केली की पोतं बांधून सरळ उठतात. अशा बाईची लेक, नम्रता, माझ्या मुलाची, प्रवीणची, बायको झाली.

आम्ही रोह्याची ख्रिस्ती माणसं, त्या गावदेवीला मानणाऱ्या. लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या भावकीने बोभाटा केला, की आज लेक चालली, उद्या आई जाईल. सीताबाई तडक देवळात गेल्या आणि सगळ्यांसमोर गावदेवीची शपथ घेऊन म्हणाल्या, "मी चर्चात पाय टाकणार नाय!" तोंडं बंद झाली, आमच्या चर्चात लग्न लागलं. पण लेक आत आणि आई बाहेर रस्त्यावर उभी! मला तेव्हा त्यांचा असा राग आला होता, विचारू नका.

पुढे नम्रताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती गडबला गेली आणि पेणच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. प्रवीणचा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. पिठाच्याच हातांनी "प्रभू, तुझे उपकार!" म्हणत रडले. रविवारी पाळकांनी उपासनेत बातमी सांगितली, टाळ्या वाजल्या आणि मी चर्चभर जिलेबी वाटली. मुलगी म्हणून कुणी तोंड वाकडं केलं असतं तर त्याला माझ्याकडून दुसरंच काही मिळालं असतं.

तिकडे सीताबाई मायलेकींना तळहाताच्या फोडासारखं जपत होत्या. मालिश, शेक, धुरी, डिंकाचे लाडू. मी भेटायला गेले तर मला बाळ उचलू देईनात. "आधी हात धुवा!" घ्या! मी काय रस्त्यावरून आले होते? बरं, रस्त्यावरूनच आले होते म्हणा.

सव्वा महिना झाला आणि बाळाच्या अर्पणाचा रविवार ठरला. आमच्या मंडळीत रीत अशी, की जिने बाळंतपण केलं ती आजी बाळाला पुढे नेते आणि पाळकांच्या हाती देते. मग पाळक त्याला देवाला अर्पण करून प्रार्थना करतात. मी म्हटलं, "सीताबाई काय आत यायच्या नाय. मीच नेते." माझी तर फार इच्छा होती. पण नम्रता, एरवी गरीब गाय, म्हणाली, "आईच्या हातून नाय, तर अर्पणच नको."

सीताबाईंना विचारलं. त्या कितीतरी वेळ बाळाच्या टाळूवर तेल जिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पण मनात लय हाय गो. पण देवीसमोर बोललीय. शब्द मोडला, तर उद्या या पोरीला खरं बोल म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?" डोळे भरले होते त्यांचे. पहिल्यांदाच मला त्या बाईचा राग आला नाय.

रविवारी त्या मिनीडोर रिक्षाने आल्या. नवं हिरवं लुगडं, छातीशी बाळ, मागे नम्रता बाळंतविड्याची पिशवी घेऊन. चर्चच्या पायरीशी थांबल्या आणि बाळ माझ्यापुढे धरलं. "घ्या, तुम्हीच न्या." मला हवं होतं ते समोर आलं आणि माझेच हात पुढे होईनात.

मी बाळ न घेताच आत गेले. पाळक गाणं सुरू करणार, तेवढ्यात सगळ्यांदेखत म्हटलं, "पाळकसाहेब, आजी दारात हाय. तिला आत येता येत नाय. पण आपल्याला बाहेर जाता येतं ना?"

पाळकांनी बायबल उचललं आणि ते दाराकडे चालू लागले. मागोमाग सगळी मंडळी उठली. खुर्च्यांचा खडखडाट झाला, म्हाताऱ्या कमळाकरकाकांना दोघांनी धरून आणलं, ढोलकीवाला ढोलकीसकट आला. अंगणात चिंचेखाली सीताबाईंनी नात पाळकांच्या हाती दिली. प्रार्थना झाली, दिशा नाव ठेवलं, सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं. दिशाबाई ठणाणा रडत होती आणि तिची आजी पदराने डोळे पुसत हसत होती.

जिलेबी खाताना सीताबाई माझ्या कानाशी आल्या. "मी आत आले नाय हां, विहीणबाय."

"तुम्ही कुठं आलात?" मी म्हटलं. "आम्हीच सगळे आलो तुमच्याकडे."